बुटांवरचा बर्फ

चिलीच्या पार दक्षिण टोकाला, पुंता अरेनासमध्ये, घराला दोन दारं असतात, आणि दोन्ही पुढचीच. बाहेरचं दार उघडलं की माणूस थेट घरात येत नाही, तो येतो एका अरुंद देवडीत. फळ्यांची जमीन, पत्र्याच्या भिंती, कोट टांगायला तीन-चार खुंट्या. तिथं उभं राहून बाहेरचं दार ओढून घ्यायचं, पाय आपटून बुटांवरचा बर्फ झाडायचा आणि मग आतलं दार वाजवायचं. सामुद्रधुनीवरचा वारा घरात घुसू नये म्हणून ही सोय. ती इथल्या माणसांच्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की भर उन्हाळ्यातही एक दार लावल्याशिवाय ती दुसऱ्याला हात लावत नाहीत.

“एवढं एक डोक्यात ठेव, ओतिलिया,” पहिल्याच दिवशी घरमालकीण मिलेंकाबाई म्हणाली. “दोन्ही दारं एकदम कधी उघडायची नाहीत. वारा एकदा आत शिरला की भाडं न देता राहतो.”

“आमच्या बेटावर दार एकच असतं, बाई. तेही उघडंच.”

“म्हणून तर तुम्ही सगळे कायम ओले,” ती म्हणाली आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

मी लेमुय बेटावरची. तिथं हिवाळा म्हणजे पाऊस आणि चिखल. बर्फ दिसायचा तो लांब, डोंगरांच्या माथ्यावर. गावातली शाळा मुलांअभावी बंद पडली, तिथं मी इतकी वर्षं स्वयंपाक करत होते. मग इथल्या एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जागा मिळाली. जूनमध्ये, हिवाळा ऐन भरात असताना, मी बोटीनं आणि पुढं बसनं इथं आले. सोबत एक ट्रंक, एक लोकरीची गोधडी आणि लुचे.

लुचे म्हणजे आमच्या खडकांवर उगवणारं काळपट हिरवं समुद्री गवत. आम्ही ते शिजवून खातो. माझा कुत्रा भिजला की अगदी त्या रंगाचा दिसायचा, म्हणून माझ्या नवऱ्यानं, सेगुंदोनं, त्याचं नाव ते ठेवलं. सगळं आयुष्य त्यानं सेगुंदोच्या होडीत काढलं. मागचा डावा पाय होडीच्या दोरखंडात सापडून अधू झालेला, तो घासत चालायचा. म्हातारपणी कान गेले. तेव्हा सेगुंदोनं त्याला नवी हाक शिकवली: होडीच्या तळाच्या फळीवर टाच दोनदा आपटायची. ठक ठक. ते त्याला पंजांतून कळायचं. कुठंही असला तरी उठून यायचा.

सेगुंदो गेला तेव्हा त्यानं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. “ओती, या म्हाताऱ्याला एकटं मरू देऊ नकोस.” बाकी काही नाही. मी मान हलवली होती.

या नव्या घरी आल्यावर एक गंमतच झाली. येणारं प्रत्येक माणूस देवडीत पाय आपटायचं, आणि लुचेला वाटायचं की आपल्यालाच बोलावतायत. गॅसवाला आला, ठक ठक, हा उठला. शेजारच्या घरातला इपोलितो म्हातारा आला, ठक ठक, हा शेपूट हलवत, पाय घासत दाराशी. आतलं दार उघडलं की अनोळखी माणसाकडं अशा प्रेमानं बघायचा की माणूस संकोचून जायचं.

“माझा नवरा तीस वर्षांत माझ्यासाठी असा लगबगीनं उठला नाही,” मिलेंकाबाई म्हणायची. ती रोज काहीतरी निमित्त काढून मागच्या अंगणातून यायची. माझ्या दोन खोल्या घराच्या मागच्या अंगाला होत्या, त्यांना त्यांची वेगळी देवडी होती. तिचे आजोबा क्रोएशियातून इथं मेंढ्यांच्या मागे आले. घारे डोळे, मोठा आवाज, आणि हात सतत कशात तरी गुंतलेले.

देवडीतल्या शेवटच्या खुंटीवर एक जुनी चामडी दोरी टांगलेली होती, कुत्र्याच्या गळ्यात अडकवायची. मी ती काढायला गेले तेव्हा मिलेंकाबाई पटकन म्हणाली, “ती राहू दे.” मी राहू दिली.

*

आमच्या गावात पाद्री वर्षातून एकदा होडीनं यायचा. उरलेलं वर्ष देवाचं काम माझे वडील बघायचे. ते प्रवचन गाऊन करायचे. दोन ओळी गायच्या, थांबायचं, त्यांचा अर्थ सांगायचा, लोकांना हसवायचं, मध्येच कुणा झोपलेल्याला टोमणा मारायचा, आणि लोक गाफील असताना पुढची ओळ अशी उचलायची की बायकांच्या डोळ्यांत पाणी. त्या गाण्यावरच मी वाढले. कुणी गेलं की नऊ संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन गायचं, हे काम वडिलांनंतर माझ्याकडं आलं. मला त्यात कधी भीती वाटली नाही. मेलेल्या माणसाला वाट दाखवणं म्हणजे पाहुण्याला फाटकापर्यंत पोचवणं, असं वडील म्हणायचे. अर्ध्यात सोडून येऊ नये, एवढंच.

इथं मी संध्याकाळी बटाटे सोलताना तीच पदं गुणगुणायची. इथं हिवाळ्यात साडेपाचलाच अंधार पडतो. एका संध्याकाळी मिलेंकाबाई आली ती बसलीच. मी माते भरला, तुंबडीतला कडू चहा. नळीनं तिनं तो तळापर्यंत ओढला.

“तुम्ही बेटवाले बटाट्यावर जगता आणि गाण्यावर मरता, असं आम्ही चिडवायचो,” ती म्हणाली. “ते नऊ संध्याकाळींचं गाणं... ज्याचं प्रेत सापडलं नाही त्याच्यासाठी चालतं का गं?”

“आमच्याकडं समुद्रात गेलेले फार, बाई. सापडतात थोडेच. चालतं.”

मग तिनं सांगितलं. या खोल्यांत तिचा भाऊ राहायचा, रात्को. जन्मभर माळरानावर मेंढपाळ. म्हातारपणी बहिणीनं ओढून शहरात आणला. सोबत त्याचा कुत्रा, पाम्पा. गेल्या ऑगस्टच्या वादळात पाम्पा बाहेर राहिला. रात्को त्याला शोधायला निघाला. बाहेरचं दार लावून गेला, शिस्तीचा माणूस. परत आला नाही. बर्फ वितळल्यावर पाम्पा सापडला तो मेलेला, अंगणातल्या शेडच्या मागे, घरातून हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. रात्को कुठंच सापडला नाही.

“पाद्रीबुवांनी प्रार्थना केली. पण मला वाटत राहतं, तो अजून बाहेरच आहे. थंडीत.” तिनं तुंबडी खाली ठेवली. “गाशील का?”

मी हो म्हटलं. नाही म्हणण्यासारखं त्यात काय होतं?

*

नऊही संध्याकाळी आम्ही माझ्या खोलीत जमलो. टेबलावर पांढरी चादर, क्रूस, मेणबत्त्या, रात्कोचा एक धुरकट फोटो. फोटोत त्याच्या पायाशी पाम्पा, ताठ बसलेला, कान उभे. गल्लीतल्या बायका यायच्या, इपोलितो म्हातारा यायचा. तो मूळचा आमच्याच बेटांकडचा, पण इथं येऊन चाळीस वर्षं झालेली. मिलेंकाबाई मटणाचा रस्सा करायची. पहिल्या संध्याकाळी ती अवघडून बसली होती. पाचव्या संध्याकाळी मी थांबून अर्थ सांगायला लागले तर तीच मला म्हणाली, “पुरे तुझं, पुढची ओळ घे.”

शेवटच्या संध्याकाळचा रिवाज असा. एकेक पद झालं की एकेक मेणबत्ती विझवायची. शेवटच्या पदाला घराचं दार सताड उघडायचं, आणि पाहुण्याला निरोप द्यायचा.

दिवा विझव बाई, आता वाट उजळली,
दार उघड बाई, नाव किनारी लागली.

मी टेबलाकडं तोंड करून गात होते. दाराशी इपोलितो उभा होता. त्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं, शेवटच्या पदाला दार उघडा म्हणून. मागे दार उघडल्याचा आवाज आला, मग लागल्याचा. मग पलीकडं दुसरं उघडल्याचा, आणि लागल्याचा. पाठीला जो वारा जाणवायला हवा होता, तो जाणवलाच नाही. शेवटची मेणबत्ती मी बोटांनीच विझवली.

दिवा लागल्यावर इपोलितो देवडीतून आत आला. “उघडली बघ दोन्ही. वारा काय म्हणत होता!”

“एकदम उघडली ना, बाबा?”

तो माझ्याकडं बघत राहिला. “एकदम कशी उघडणार, पोरी? आतलं उघडलं, देवडीत गेलो, ते लावलं, मग बाहेरचं उघडलं. माणूस बाहेर जातो तसं.” मग त्याच्या लक्षात आलं, आणि तो कसानुसा हसला. “चाळीस वर्षांची सवय.”

बायका हसल्या. रश्शाची पातेली आली. मीही हसले. एवढ्या लोकांत त्या म्हाताऱ्याला काय बोलायचं? लुचे मात्र आतल्या दाराशी जाऊन बसला होता. नाक फटीला लावून.

*

दोनेक दिवसांनी, सकाळी मी कामावर निघायच्या तयारीत होते. नऊ वाजले तरी अंधारच असतो. देवडीत पाय आपटले. ठक ठक. लुचे उठून दाराशी गेला, शेपूट हलवू लागला. मी दार वाजायची वाट पाहिली. वाजलं नाही.

“या, उघडंच आहे,” मी म्हटलं. बेटावर आम्ही कोण म्हणून विचारत नाही.

मी आतलं दार उघडलं. देवडी रिकामी. फळ्यांवर बर्फाचे तुकडे पडले होते, बुटाच्या तळव्याच्या खाचांतून निखळतात तसे, चौकोनी. बाहेरच्या दाराला आतून कडी होती. ती मीच रात्री लावली होती.

मी घाबरले नाही. छपरावरचा बर्फ घसरला की दणका बसतो. पत्र्याच्या फटीतून बर्फ आत येतो. मी फट शोधली, सापडली नाही, तरी कापडाचे बोळे जिथं तिथं कोंबले.

पुढं ते रोजचं झालं. कधी सकाळी, कधी मी संध्याकाळी परतल्यावर. दोनदा पाय आपटायचे, पुढं काही नाही. लुचे दर वेळी जायचा. मी दार उघडलं की तो देवडीत शिरायचा आणि बाहेरच्या दाराकडं तोंड करून बसायचा. तासभर, दोन तास. ओढून आणावं लागायचं. खुंटीवरची चामडी दोरी एकदा हाताला लागली, तर ती काठीसारखी ताठ, बर्फानं गोठलेली. घरात गॅसचा हीटर दिवसरात्र चालू असायचा.

मग एका दुपारी मी खिडकीशी भांडी पुसत होते. अंगणात मिलेंकाबाईच्या कोंबड्या. लुचे त्यांच्यापासून लांब, बर्फाच्या कडेकडेनं मोठा अर्धगोल घेत चालला होता, पोट जमिनीला लावून. थांबला. परत सरकला. कोंबड्या एकमेकींना चिकटून शेडच्या कोपऱ्यात गोळा झाल्या. तो समोर बसला. ताठ, कान उभे. अधू पाय घासला जात होता तरी एकही कोंबडी फुटली नाही.

लुचेनं आयुष्यात मेंढरू पाहिलं नव्हतं. तो मासे मोजणारा कुत्रा.

कुंपणापलीकडं इपोलितो खोरं घेऊन आपल्या दारापुढचा बर्फ काढत होता. तो थांबला होता.

“बाबा, बघितलंत?” मी खिडकी ढकलून ओरडले.

त्यानं खोरं उचललं. “कोंबड्यांना असं फक्त पाम्पा वळवायचा,” तो म्हणाला आणि आत निघून गेला. अर्धा बर्फ तसाच ठेवून.

त्या संध्याकाळी मी लुचेला हीटरपाशी घेऊन बसले. माशाचं सार पुढं ठेवलं, त्याचं आवडतं. त्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. त्याच्या केसांत मी हात घातला. वरून ते हीटरनं तापलेले होते. खाली, कातडीशी, तो गार होता. नुकताच बाहेरून आलेल्या माणसाचे हात असतात तसा. मी गोधडी गुंडाळली, पोटाशी धरला. रात्रभर धरला. सकाळी गोधडी गार होती आणि मीही.

आठवडाभरात त्याच्या फासळ्या हाताला लागू लागल्या.

*

देवडीच्या कोपऱ्यात मला एक दिवस तुंबडी सापडली. माते भरलेला, नळी खोचलेली, वर बर्फाची साय. शेजारी पावाचा तुकडा. मी ती घेऊन तशीच मिलेंकाबाईच्या दारात गेले.

“हे तुम्ही ठेवलंत?”

ती कणीक मळत होती. हात थांबले नाहीत. “रोज ठेवते. तू कामावर गेलीस की.”

“तुम्हालाही ऐकू येतं?”

“माझा भाऊ आहे तो. त्याचे पाय मला ओळखू येणार नाहीत? लहानपणापासून दोनदा आपटतो. आई ओरडायची, तिसऱ्यांदा आपट रे मेल्या, अर्धा बर्फ घरात आणतोस.” ती हसली, आणि हसू मध्येच थांबलं. “ओतिलिया, तो आत आलाय. वर्षभर बाहेर होता, आता निदान छपराखाली आहे. तू आणलंस त्याला. तुझे पाय धरायचे तेवढे राहिलेत.”

“तो आत नाही, मिलेंकाबाई. तो मध्ये आहे. दोन दारांच्या मध्ये कुणाला ठेवायचं नसतं. ते पद पुरं करायला हवं. दोन्ही दारं एकदम उघडून.”

“आणि त्याला परत बर्फात घालवायचं?”

“देवाकडं पाठवायचं.”

“देवाचं घर त्याच बाजूला आहे का गं, जिकडून तो आला?” कणकेचे हात तिनं टेबलावर टेकले. “कोण सांगतं तुला?”

मी म्हटलं, “माझा लुचे मरतोय.”

“म्हातारा आहे तो. बहिरा, लंगडा. आज ना उद्या जायचाच.” ती खालच्या आवाजात, जवळजवळ मायेनं बोलत होती. “रात्कोला सोबत हवी. कुत्र्यावाचून त्याला चालता येत नाही, माळावरचा माणूस तो. तुझं काय जाणार आहे?”

मी सेगुंदोची गोष्ट तिला सांगितली नाही. सांगितली असती तरी तिनं ऐकली नसती. आणि खरं सांगू, तिच्या जागी मी असते तर मीही ऐकली नसती.

“माझ्या घराची दोन्ही दारं एकदम उघडायची नाहीत,” ती म्हणाली. “पहिल्या दिवशीच सांगितलंय.”

*

रविवारी दुपारी ती चर्चला गेली. प्रार्थनेनंतर नेहमीप्रमाणे तिच्या लोकांच्या क्लबात जेवायला थांबणार होती. सकाळपासून बर्फ पडत होता. पाचलाच खिडक्या निळ्या झाल्या.

मी टेबलावर चादर घातली. क्रूस ठेवला. एकच मेणबत्ती.

लुचेला कपडे वाळत घालायच्या दोरीनं हीटरच्या पाइपला बांधलं, आणि वर त्याच्या गळ्याभोवती माझा डावा हात. अर्ध्यात सोडून येऊ नये, वडील म्हणायचे. मी देवाचं नाव घेतलं. गाऊ लागले.

पहिल्या कडव्याला देवडीत पाय आपटले.

ठक ठक.

लुचेच्या अंगातून लाट गेली. मी त्याला घेऊनच दाराकडं सरकले, दोरी पुरेल तेवढी. आतलं दार उघडलं. देवडी रिकामी होती, आणि फळ्या ओल्या होत्या.

मी गात राहिले. हात लांब करून बाहेरची कडी काढली.

वाऱ्यानं दार भिंतीवर आपटलं.

बर्फ सरळ घरात आला. चादर उडाली. मेणबत्ती लवली, पण विझली नाही.

“जा, रात्को,” मी म्हटलं. “नाव किनारी लागली. देव तुझं भलं करो, जा.”

काही वेळ नुसता वारा.

मग माझ्या गुडघ्याला काहीतरी घासून गेलं. जाड, ओल्या लोकरीचं.

लुचे ओरडला. इतक्या वर्षांत मी त्याचा तसा आवाज ऐकला नव्हता. दोरी ताणली, पाइप कण्हला. मी दोन्ही हातांनी त्याला छातीशी आवळलं, डोळे मिटले, आणि पद पुरं केलं. शेवटच्या ओळीला तो माझ्या हातात एकदम सैल पडला.

मेणबत्ती विझली होती.

मी रांगत जाऊन दारं लावली. आधी बाहेरचं. मग आतलं.

लुचे श्वास घेत होता. मी दोरी सोडली, केसांत हात घातला, अगदी कातडीपर्यंत. गरम होता. मी तिथंच जमिनीवर बसून रडले, देवाचे आभार मानले, आणि त्याच्या शेजारी गोधडीवर झोपून गेले. किती दिवसांनी.

*

उजाडलं तेव्हा वारा पडला होता. मी दारं उघडीच ठेवून कोंबड्यांना दाणे घालायला बाहेर आले, मिलेंकाबाईची तेवढी समजूत काढावी म्हणून. ताज्या बर्फावर पायरीपासून ठसे गेले होते. बुटांचे, मोठे, सावकाश. कुंपणाच्या फाटकातून, रस्ता ओलांडून, टेकडीकडं. परतीचे नव्हते.

त्यांच्या डाव्या अंगाला कुत्र्याचे पंजे. तीन उमटलेले. चौथ्याच्या जागी बर्फात ओढलेली एक रेघ, पार टेकडीपर्यंत.

मी बराच वेळ उभी राहिले. मग मागे वळून, अगदी हळू, म्हटलं, “लुचे.”

घरात तो उठला. दोन्ही दारं ओलांडून पायरीवर आला. चार पाय सरळ टाकत. कान उभे करून त्यानं माझ्याकडं पाहिलं.

मी फळीवर टाच दोनदा आपटली. त्याला त्यातलं काही कळलं नाही.

मिलेंकाबाई अंगणात आली होती. भांडायच्या तयारीनं, शाल कमरेला खोचून. ठशांकडं तिनं पाहिलं, मग कुत्र्याकडं. तिचा चेहरा आधी पडला, मग हळूहळू उजळला. तिनं ते जुनं नाव मोठ्यानं घेतलं नाही, नुसते ओठ हलवले. तो धावत तिच्याकडं गेला.

*

ऑगस्ट संपत आलाय. मी इथंच आहे. हीटरपाशी जो झोपतो तो गुणी आहे, हाडं खातो, मासा खात नाही. त्याच्यावर माझा राग नाही. तोही एका थंडीतून आलेला जीव आहे.

संध्याकाळी कामावरून आले की मी देवडीत उभी राहते. सेगुंदोला मान हलवून शब्द दिला होता, तो तसाच आहे. गाऊन उपयोग नाही, लुचेला ऐकू येत नाही. म्हणून बाहेरचं दार उघडं ठेवते आणि फळीवर टाच आपटते. ठक ठक. थांबते. परत आपटते.

काल बर्फ पडत होता. तिसऱ्या खेपेला अंगणाच्या अंधारातून आवाज आला. खरड. थांबून, खरड. बर्फावरून पाय ओढल्याचा. फाटकातून आत, शेडजवळून, अगदी पायरीच्या अलीकडं. मागे घरात तो दुसरा उठून आतल्या दाराला अंग टेकून उभा राहिला, हे फळ्यांतून मला कळलं. मी खाली बसले, हात पुढं केला. बोटांवर श्वास लागला, गार.

तेवढ्यात टेकडीकडून, फार लांबून, कुणीतरी पाय आपटले. दोनदाच.

श्वास थांबला. आणि ती खरड टेकडीकडं वळली.